बॅन्फचा जुना फेरा : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम ठरलं. कॅनडातल्या बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलचा गोल्फ कोर्स आपल्या पुण्याच्या केंद्रातल्या सिम्युलेटरसाठी, म्हणजे पडद्यावर गोल्फ खेळायच्या यंत्रणेसाठी, उभा करायचा. पण आज खेळतात त्या क्रमाने नाही, तर १९२८ साली त्याचा आखणीकार स्टॅनली थॉम्प्सनने जसा खेळायला दिला त्या क्रमाने.

होल (चेंडू घालायचं भोक आणि तिथवरचा पट्टा) जागचे हललेले नाहीत, फक्त सुरुवात हलली आहे. पूर्वी हॉटेलला लागून पहिला टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, होता आणि तिथून स्प्रे नदीपलीकडे चेंडू मारायचा. १९८९ साली आणखी नऊ होलांची भर पडून २७ झाले, नवं क्लबहाउस कोर्सच्या मधोमध बांधलं गेलं आणि खेळ तिथून सुरू होऊ लागला. जुना क्रमांक काढायला आजच्या क्रमांकात चार मिळवायचे, बेरीज अठराच्या वर गेली तर अठरा वजा करायचे. आजचा पंधरावा तो जुना पहिला, आजचा चौथा तो जुना आठवा, आजचा चौदावा तो जुना शेवटचा.

केंद्राचे मालक निवृत्त कर्नल. त्यांचा प्रश्न सरळ होता : "जमीन तीच, ग्रीन तीच, बंकर तेच. आकडे बदलून काय होणार?" मी म्हटलं, साहेब, तेच बघायचंय. ते म्हणाले, बघ, पण गणपतीच्या आधी संपव.

१९ जानेवारी

आज सगळं वाचन, नकाशाला हात लावला नाही.

थॉम्प्सनच्या आधीही इथे गोल्फ होता. १९११ साली नऊ होल तयार झाले, पुढे डोनाल्ड रॉसने त्यांचे अठरा केले. पहिल्या महायुद्धात कॅनडाने 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून नजरकैदेत टाकलेल्या माणसांना, ज्यांत युक्रेनियन स्थलांतरित पुष्कळ होते, बॅन्फ परिसरात कामाला जुंपलं होतं. त्यात या गोल्फ कोर्सचं कामही होतं. माझ्या मॉडेलमध्ये या गोष्टीला कुठे जागा नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवतो.

नंतरची कथा दोन रेल्वे कंपन्यांच्या चुरशीची. कॅनेडियन नॅशनलने थॉम्प्सनकडून जॅस्परला कोर्स करवून घेतला, तो १९२५ साली उघडला आणि गाजला. बॅन्फचं हॉटेल प्रतिस्पर्धी कॅनेडियन पॅसिफिकचं. तिथे १९२६ साली जुनी लाकडी बाजू जळाली, दगडी इमारत पुरी व्हायला १९२८ उजाडलं. नव्या हॉटेलला साजेसा कोर्स हवा, म्हणून त्यांनीही त्याच थॉम्प्सनला बोलावलं. रेल्वे कंपनीच मालक असल्यामुळे माती वाघिणी भरभरून आली. दहा लाख डॉलरवर खर्च झालेला जगातला पहिला कोर्स, असं याचं वर्णन सर्रास केलं जातं.

हॉटेल आणि कोर्स एकाच हिशेबात बसवलेले होते हे यातून कळतं. पाहुणा न्याहारी करून खाली उतरला की पहिला टी, आणि संध्याकाळी अठरावं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पुन्हा हॉटेलच्या दिशेने. रेल्वे कंपनीला पाहुणा हॉटेलातून निघून हॉटेलातच परत यायला हवा होता, आणि फेरा तसाच आखला गेला.

२ फेब्रुवारी

जमिनीच्या उंचीची जाळी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. कॅनडा सरकार असा डेटा खुला ठेवतं, ही मोठी सोय. बो नदीच्या काठची जमीन एक मीटरच्या जाळीवर स्वच्छ दिसते : नदीचे जुने सोडलेले पात्रमार्ग, टी उचलण्यासाठी केलेले भराव, फेअरवेमधले, म्हणजे टी ते ग्रीनच्या कापलेल्या हिरवळीतले, उंचवटे. झाडं वजा केली की कोर्सचा सांगाडा उघडा पडतो.

एक लगेच लक्षात आलं. डोंगरातला कोर्स म्हटलं की आपल्याला चढउतार आठवतात. इथे बहुतेक होल खोऱ्याच्या सपाटीवर आहेत. चढ आहे तो हॉटेलच्या बाजूला आणि डेव्हिल्स कॉल्ड्रन या होलच्या (आजचा चौथा) टीला. बाकी डोंगर बघायचा, चढायचा नाही. थॉम्प्सनसमोर अडचण उताराची नव्हतीच. एवढ्या मोठ्या डोंगरापुढे माणसाने केलेलं काहीही खेळण्यासारखं दिसणार, ही त्याची खरी अडचण.

९ फेब्रुवारी

रंडल पर्वतावर अख्खा आठवडा गेला.

कोर्सच्या नैऋत्येला हा पर्वत उभा आहे. शिखर २९४८ मीटर, बॅन्फ गाव १३८३ मीटर, म्हणजे खेळणाऱ्याच्या डोक्यावर दीड किलोमीटरची भिंत. सिम्युलेटरवाले लांबचे डोंगर ३० मीटरच्या जाळीने भागवतात. आधी मीही तेच लावून बघितलं. कडे पार गुळगुळीत झाले आणि रंडल पावसात भिजलेल्या वारुळासारखा दिसू लागला.

या डोंगराची ओळखच थरांत आहे. खाली पॅलिसर चुनखडीचा कडा, मध्ये बॅन्फ शेलचा मऊ उतार, वर पुन्हा रंडल गटाच्या चुनखडीचा कडा. कडा, उतार, कडा. सगळे थर एका बाजूला कललेले. उन्हाळा लागला तरी बर्फ राहतो तो मधल्या पट्ट्यावर आणि कड्यांच्या खाचांत, तिरप्या तुकड्यांनी. हे तुकडे गेले की थॉम्प्सनच्या बंकरांचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचा, अर्थच जातो. म्हणून समोरच्या बाजूला बारीक जाळी आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला जाडी. फाइल फुगली, फुगू दे.

१ मार्च

पडद्याची अडचण. केंद्रातला पडदा रुंद पण बुटका. साध्या कॅमेऱ्याने टीवरून बघितलं तर रंडलची शिखररेषा पडद्याच्या वर जाते, समोर नुसती करडी भिंत उरते. कोन वाढवला तर डोंगर मावतो, पण ग्रीन लांब पळतं आणि अंतराचा अंदाज चुकतो.

तडजोड केली. टीवर पोचल्यावर कॅमेरा आधी शिखरापासून सावकाश खाली ग्रीनवर येतो, मग नेहमीचा कोन. खऱ्या टीवर उभा राहिलेला माणूसही आधी मान वर करूनच बघत असणार. कर्नलसाहेबांना आवडलं. फक्त म्हणाले, "प्रत्येक होलला नको रे. चौथ्यांदा डोंगर बघताना लोक चहा मागतील." ठीक, चारच होलांवर ठेवलं.

१५ मार्च

झाडं. बॅन्फच्या व्हाइट संग्रहालयात बायरन हार्मनची छायाचित्रं आहेत. हा बॅन्फचाच छायाचित्रकार, त्याच काळातला. शिवाय व्हिक्टोरिया विद्यापीठाचा माउंटन लेगसी प्रकल्प, ज्यात जुन्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागी पुन्हा उभं राहून आजचे फोटो घेतले आहेत. दोन्ही बघितल्यावर एकच गोष्ट ठसते : वणवे विझवत राहिल्यामुळे या डोंगरांत जंगल दाट झालं आहे. म्हणून आजच्या उपग्रहचित्रावरून झाडं मांडली तर १९२८ चा कोर्स मिळणार नाही. फेअरवेच्या कडेची झाडी विरळ केली, काही ठिकाणी मागे सरकवली. नदी आता तीन होलांवरून दिसते, आधी एकावरून दिसत होती.

२९ मार्च

बंकर. या महिन्याचं खरं काम हेच.

वरून, विमानातल्या फोटोवरून, बंकरची कड आखणं सोपं. वक्र रेघ फिरवली, वाळूचा रंग भरला, झालं. पण टीवर जाऊन बघावं तर वाळू दिसतच नाही! हिरवळीत कुठेतरी एक पांढरी रेघ. थॉम्प्सनचे बंकर असे पडून नसतात. त्यांची मागची बाजू वर ओढलेली असते, वाळू त्या चढावर चढवलेली असते, आणि वरच्या काठावरून गवताच्या जिभा खाली वाळूत उतरतात. खेळणाऱ्याला वाळू उभी दिसते.

एक मीटरच्या जाळीत तो काठ मावत नाही. हातभर उंचीचा ओठ दोन बिंदूंच्या मध्ये हरवून जातो. मग ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बंकर हाताने. मागच्या काठाचे बिंदू वर ओढायचे, टीवर जाऊन बघायचं, परत यायचं, थोडं खाली करायचं. काठ बोटभर जास्त झाला की बंकर भिंतीत खोदलेल्या कोनाड्यासारखा होतो, कमी झाला की वाळू गडप. मध्ये कुठेतरी एक उंची सापडते जिथे वाळू डोळ्यांत भरते पण जमीन नैसर्गिक वाटत राहते. ती सापडली की हात थांबतो.

असे पाच-सहा बंकर एका होलवर झाल्यावर मागे रंडल चालू केला. वर कड्याच्या खाचांत बर्फाचे तुकडे, खाली हिरवळीत वाळूचे तुकडे, दोघांचे आकार एकमेकांना उत्तर देणारे. पुस्तकात हे वाचलं होतं तेव्हा जाहिरातीची भाषा वाटली होती. पडद्यावर ते साधं प्रमाणाचं गणित निघालं. लहान, गोल, नीटस बंकर घालून बघितले तर डोंगरापुढे ते अगदी केविलवाणे दिसतात. मोठे, फाटक्या काठांचे घातले की जमीन डोंगराच्या मापाची होते.

दुसरी करामत अंतराची. ग्रीनला चिकटून वाटणारा बंकर बरेचदा ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे असतो. उभ्या वाळूमुळे मधली जमीन झाकली जाते. त्यात मागे भलामोठा डोंगर, म्हणजे सगळंच जवळ वाटतं. रंडल बंद करून तोच होल बघितला तर ग्रीन लांब वाटतं, चालू केला की जवळ येतं. अंतर तेच.

हा माणूस माती वळवण्यात किती मोकळा होता याचा एक किस्सा जॅस्परचा. तिथला नववा, लांब पल्ल्याचा पार तीन (तीन फटक्यांत संपवायचा होल), समोर पिरॅमिड पर्वत. टी आणि ग्रीनच्या मधल्या उंचवट्यांना त्याने असे आकार दिले की टीवरून पहुडलेली स्त्री दिसावी. होलचं नाव क्लिओपात्रा. कॅनेडियन नॅशनलचे अध्यक्ष सर हेन्री थॉर्नटन भडकले आणि थॉम्प्सनला वळणं थोडी सपाट करावी लागली. नाव मात्र टिकलं.

१२ एप्रिल

डेव्हिल्स कॉल्ड्रन. आजचा चौथा, जुना आठवा. पार तीन, १९० यार्डांच्या आसपास. आधीच्या हिवाळ्यात हिमकडा कोसळून इथे तळं तयार झालं आणि थॉम्प्सनने लगेच तिथे होल बसवला, असं सांगतात.

मांडणी तशी साधी. टी वर. खाली हिमनदीच्या पाण्याचं तळं. पलीकडच्या काठावर वाटीसारखं ग्रीन, त्याच्या भोवती बंकर. मग झाडांची ओळ, आणि लगेच रंडल. फेअरवे म्हणण्यासारखं मध्ये काही नाही.

उंचीची जाळी लायडारने, म्हणजे विमानातून लेझर किरण सोडून, मोजलेली असते आणि लायडारला पाणी आवडत नाही. जवळच्या अवरक्त किरणांना पाणी गिळून टाकतं, परत काही येत नाही, म्हणून तळ्याच्या जागी जाळीत नुसतं भोक. पाण्याची पातळी काठांवरून बसवली. रंगावर मात्र वेळ घालवला. पहिल्यांदा निळसर हिरवा केला, तो पोस्टकार्डातला वाटला. इथे पाण्यात आकाशापेक्षा झाडी आणि कडा जास्त पडतो, म्हणून गडद केला.

मग सावल्या. बॅन्फ ५१ अंश उत्तरेला. जूनमध्ये भर दुपारी सूर्य ६२ अंशांवर असतो, सप्टेंबरअखेर चाळिशीच्याही खाली. डोंगर नैऋत्येला, म्हणजे हंगामाच्या शेवटी दुपार कलली की सावली कोर्सवर उतरू लागते. सावलीचा काठ ग्रीनच्या मधून जातो तेव्हा उतार वाचता येत नाही. हे मुद्दाम तसंच ठेवलं. सिम्युलेटरमध्ये कायम सकाळचे दहा वाजलेले असतात, त्याचा मला कंटाळा आला आहे.

२० एप्रिल

हवा विरळ, चेंडू लांब. ढोबळ नियम असा की दर हजार फुटांमागे एक टक्क्याहून थोडं जास्त. बॅन्फ साडेचार हजार फुटांवर, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. हवेचा विरोध कमी होतो तसा फिरकीमुळे मिळणारा उचलही कमी होतो, चेंडू जरा बुटका जातो आणि कमी वळतो.

पण आपण पुण्यात खेळतो. पुणं ५६० मीटरवर, दोन टक्के आपल्याला घरबसल्या मिळतातच. खरा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा : कॉल्ड्रनवर सहा-सात यार्ड. कर्नलसाहेब नोकरीत असताना गुलमर्गला, २६५० मीटरवर खेळलेले. त्यांचं ठाम मत की "एक क्लब कमी घ्यायचा, हिशेब कसला करतोस." म्हणजे एक पायरी कमी पल्ल्याची काठी. गुलमर्गला ते बरोबर आहे. इथे पूर्ण एक क्लब कमी घेतला तर चेंडू तळ्यात पडेल.

१० मे

पहिली चाचणी. दोन्ही कार्डं (होलांच्या क्रमाच्या याद्या) चालू केली, एकदा आजच्या क्रमाने आणि एकदा जुन्या. खेळणारे सगळे नेहमीचे सभासद.

निकाल : कुणालाच फरक जाणवला नाही! "छान आहे", "डोंगर भारी", "कॉल्ड्रन जबरदस्त". क्रमाबद्दल एक शब्द नाही.

कारण रात्री कळलं. आपला सिम्युलेटर चेंडू भोकात पडला की पुढच्या टीवर उडी मारतो. चालणं नाहीच. चौदाव्यावरून पंधराव्यावर जाताना आज खेळणाऱ्याला नदी ओलांडून हॉटेलच्या बाजूला वर चढावं लागतं, गाडीतून का होईना. जुन्या क्रमात ती चढण फेऱ्याच्या मध्ये नव्हतीच, कारण तिथे फेरा संपत होता. ही गोष्ट पडद्यावर अर्ध्या सेकंदाच्या काळोखात जाते. मग अठरा होल म्हणजे अठरा चित्रांचा गठ्ठा, कसेही पिसा.

तेव्हा होलांच्या मधला रस्ता बांधणं आलं.

२४ मे

रस्ते बांधतोय. प्रत्येक ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत कॅमेऱ्याची वाट, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चालण्यापेक्षा जरा वेगात. नको असेल त्याने बटण दाबून टाळावं.

हे करताना थॉम्प्सनचा फेरा पहिल्यांदा सलग बघितला. हॉटेलजवळ वरून सुरुवात, उतरून नदीपार. मग पहिले चार होल हॉटेल पाठीमागे टाकत जातात. त्यानंतर रंडल जवळ जवळ येत राहतो. आठव्यापर्यंत आपण त्याच्या पायाशी पोचतो आणि कॉल्ड्रन येतो. पुढे खोऱ्यातून परतीची वाट, बो नदीची साथ, आणि शेवटच्या होलवर नदीकाठाने चालताना समोर हॉटेल. आजच्या क्रमात कॉल्ड्रन चौथाच येतो, डोंगराची सवय व्हायच्या आत. आणि हॉटेलकडे तोंड करून आल्यावर पुन्हा त्याच्याकडे पाठ करून चार होल बाकी असतात.

८ जून

मामेबहीण कॅलगरीत असते. तिला म्हटलं होतं, बॅन्फला गेलीस तर गोल्फ कोर्सच्या रस्त्यावरून फोटो काढ. रस्ता सार्वजनिक आहे. तिने आज फोटो आणि लांबलचक आवाजी निरोप पाठवले.

"दादा, तुझ्या त्या फेअरवेवर एल्क, ते मोठं हरीण, बसलेत. बसलेत म्हणजे पाय दुमडून, आपल्याकडे गाई बसतात तशा. पिल्लं पण आहेत. पाटी लावलीय तीस मीटर लांब राहा म्हणून, तर हे मुलांना गाडीतून उतरू देत नाहीयेत. आणि काय रे, वाळूत खुरांचे ठसेच ठसे. ते पण दाखवणार का तू?"

दाखवणार. एल्क नाही, पण ठसे बसवता येतील.

तिच्या फोटोंतून दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या. रफचं, म्हणजे फेअरवेबाहेरचं वाढू दिलेलं, गवत मी केलं होतं त्यापेक्षा फिकट, पिवळ्याकडे झुकणारं. आणि हॉटेलची बाजू : जुन्या पहिल्या टीजवळची वाल्डहाउस ही बव्हेरियन धाटणीची इमारत, जिथे ती मंडळी जेवली, ते मुळात गोल्फचं क्लबहाउस. आता रेस्टॉरंट आहे. "फॉन्ड्यू बरा होता, पण किंमत बघून यांची भूकच गेली," हा निरोपाचा शेवट.

ती इमारत मी आतापर्यंत साध्या ठोकळ्यावर भागवली होती. आता नीट करावी लागेल, कारण जुन्या कार्डात पहिल्या टीवर उभं राहिलं की ती अगदी शेजारी येते.

२२ जून

दुसरी चाचणी, मधल्या वाटांसह. या वेळी वाद झाला, आणि तोच मला हवा होता.

जुन्या क्रमाने खेळणारे पहिल्याच टीवर अडखळले. वर उभं राहायचं, खाली नदी, शेजारी क्लबहाउस, मागे हॉटेल. त्यात कर्नलसाहेबांच्या सूचनेवरून मी गच्चीवर न्याहारी करणारे पाहुणे बसवले होते. त्यांची माफक कुजबुज स्पीकरमधून येते. चारातले दोन चेंडू स्प्रे नदीत.

"अरे, पहिला होल हातपाय मोकळे करायला असतो," कर्नलसाहेब म्हणाले. "आजची सुरुवात शहाणी आहे. मोकळ्या जागेत निवांत मारायला मिळतं."

त्यांच्याच वयाचे दुसरे सभासद त्यांच्यावर उलटले. "मग कॉल्ड्रनला का ओरडत होतात मघाशी? चौथ्यालाच आला म्हणून ना? मला आठव्याला आला, तोवर हात बसला होता. ग्रीनवर होतो मी."

"तुम्ही काठाच्या वाळूत होतात."

"वाळूतून ग्रीनवर आणि मग दोन पट. बोगीच की, पारपेक्षा एकच जास्त."

माझं मत जुन्याच्या बाजूचं आहे. पण १९८९ चा निर्णय मला मूर्खपणाचा वाटत नाही. २७ होल एका जागेहून सोडायचे, गाड्या उभ्या करायच्या, हॉटेलात न उतरलेल्यांनाही खेळू द्यायचं, तर सुरुवात मध्येच हवी. नवे नऊ होल आखणाऱ्यांत जेफ्री कॉर्निश होते, थॉम्प्सनच्याच हाताखाली तयार झालेले, म्हणजे जुनी आखणी कळणारी माणसं कामावर होती. प्रत्येक होल शाबूत राहिला. फक्त रेल्वेने येऊन हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्यासाठी रचलेला फेरा गाडीने येणाऱ्याच्या सोयीचा झाला.

दोन्ही कार्डं ठेवतोय. केंद्रातल्या पडद्यांवर आधी जुनं उघडेल. एक नंबरच्या पडद्यावर आजचं, तसं कर्नलसाहेबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. पाहुण्यांची कुजबुज बंद करण्याचं बटणही त्यांना हवंय.

बाकी : जुन्या बाराव्या ते चौदाव्यावरच्या बंकरांचे काठ, वाल्डहाउसचं छप्पर, वाळूतले खुरांचे ठसे. काठ आधी.